गहाण पडलेली चांदी : पोर्तुगीजांनी वसई का गमावली?

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईच्या किल्ल्यात शाळकरी मुलांच्या एका सहलीला मी माहिती सांगत होतो. चिमाजी आप्पांची मोहीम, उडालेले सुरुंग, ढासळलेला बुरूज, खिंडारातून घुसलेले मावळे असे सगळे नेहमीच्या क्रमाने सांगून झाले. हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की, आता सांगताना मला ऐकूही येत नाही. मुले पांगू लागली, तेव्हा चष्मा लावलेला एक मुलगा मागे रेंगाळला. म्हणाला, "काका, पण एवढा मोठा किल्ला त्यांनी घालवला कसा?" मी म्हटले, "अरे, तेच तर आत्ता सांगितलं." तो म्हणाला, "ते आपण कसा घेतला ते सांगितलंत."

त्याला मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. घरी परतताना मात्र लक्षात आले की, वीस वर्षे या एका मोहिमेचे कागद वाचूनही हा प्रश्न मी स्वतःला सरळ विचारलेला नव्हता.

माझ्याबद्दल दोन वाक्ये सांगणे भाग आहे, कारण पुढच्या विवेचनाचा त्याच्याशी संबंध येतो. माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. सव्वीस वर्षे मी एका पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली बरीचशी वसुली खात्यात. पोर्तुगीज मी शब्दकोश पुढ्यात ठेवून आणि एका निवृत्त फादरांच्या सहनशीलतेवर शिकलो. ती मला वाचता येते, बोलता येत नाही. त्यामुळे या लेखात विद्यापीठीय शिस्त कमी आणि वसुली खात्याची नजर जास्त आढळली, तर वाचकांनी समजून घ्यावे.

वसईच्या मोहिमेवर मराठीत लिहिलेले थोडे नाही. य. न. केळकरांचे 'वसईची मोहीम' हे पुस्तक आजही हातात घ्यावे असे आहे. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांच्या ४५ खंडांत या मोहिमेचा स्वतंत्र खंड आहे. गोव्याच्या पुराभिलेखागारात आयुष्य घालवलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज बाजूचे कागद उजेडात आणले आणि त्यांचा 'पोर्तुगीज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठीतही आला. साधने आहेत. माझी तक्रार आहे ती या साधनांवरून पुढे जे लिहिले, बोलले आणि फलकांवर रंगवले गेले त्याबद्दल. त्यात पोर्तुगीज हा पक्ष जवळजवळ नाहीच. तो फक्त तट आहे, चढून जाण्यासाठी उभा असलेला.

या लेखनात पोर्तुगीजांच्या पराभवाची साधारण दोन कारणे दिलेली असतात. एक, मराठ्यांचे शौर्य. दोन, पोर्तुगीजांचा धार्मिक छळ, ज्यामुळे रयत त्यांच्यावर उलटली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण कारण म्हणून त्या तपासायच्या, तर त्यांना एक साधा प्रश्न विचारावा लागतो : मग १७३७ सालीच का?

छळाचेच पाहा. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० सालचे. वसई गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली १५३४ मध्ये, आणि पुढच्या काही दशकांतच देवळे पाडणे, उत्सवांवर बंदी घालणे हे सारे सुरू झालेले होते. म्हणजे रयतेचा राग दीडशे वर्षांहून जुना होता. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी घराणी मराठ्यांना वाटा दाखवायला, माणसे फोडायला तयार झाली, त्यामागे तो राग होता, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्यावाचून ठाण्याची खाडी रात्रीत ओलांडणे अवघड होते. पण दीडशे वर्षे धुमसणारी गोष्ट अमुक एका वर्षी का पेटली, हे ती गोष्ट स्वतः सांगू शकत नाही. शौर्याचेही तेच. संभाजीराजांनी १६८३ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांना अगदी काठावर आणून ठेवले होते. तेव्हाचे मावळे काही कमी शूर नव्हते. पण पाठीवर मोगल शहजाद्याची फौज आली आणि त्यांना माघारी वळावे लागले. १७३७ मध्येही ठाणे पडल्यावर लगोलग वसईवर केलेला हल्ला फसलाच. तीच माणसे, तेच शौर्य, तोच तट. वसई पडायला पुढे दोन वर्षे लागली.

पोर्तुगीजांच्या बाजूने लिहिणाऱ्यांचेही फार बरे नाही. डॅन्व्हर्सचा १८९४ सालचा इंग्रजी ग्रंथ घ्या किंवा त्याआधीचे गेर्सन द कुन्या यांचे चौल-वसईवरचे १८७६ चे पुस्तक घ्या. दोघांनीही कष्टाने माहिती गोळा केली आहे, पण पराभवाचे खापर फोडायला त्यांना माणसे लागतात. उत्तर प्रांताचा सेनापती लुइस बोतेल्यो मराठे येताहेत म्हटल्यावर ठाणे दुसऱ्यावर सोपवून निघून गेला, हे खरे आहे. त्याच्या जागी आंतोनियो कार्दिम फ्रोइस आला, मग मार्तिन्यो द सिल्व्हेरा आला. दोन वर्षांत तीन सेनापती. एक पळपुटा निघाला म्हणून साम्राज्याचा प्रांत गेला, असे मानायचे तर त्याच प्रांतात शेवटच्या वेढ्यात सिल्व्हेरा मारला गेला, पेद्रो द मेलो ठाणे परत घेण्याच्या धडपडीत डिसेंबर १७३८ मध्ये तोफेच्या गोळ्याने पडला, त्याचे काय करायचे? भित्रेपणा आणि शौर्य दोन्ही बाजूंना भरपूर होते. तराजूत घातले, तर काटा मध्येच राहील.

मग काटा हलवला कशाने?

पहिला मोह होतो तो असे म्हणण्याचा की, पोर्तुगाल गरीब झाला होता. मीही बरीच वर्षे असेच धरून चाललो. होर्मुझ १६२२ मध्ये गेले, हुगळी १६३२ मध्ये, मलाक्का १६४१ मध्ये, कोलंबो १६५६ मध्ये, कोची १६६३ मध्ये. मुंबई १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मोंबासाचा किल्ला १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी घेतला. तो १७२८ मध्ये परत मिळवला आणि १७२९ मध्ये पुन्हा घालवला. ही यादी वाचली की डोळ्यांसमोर दिवाळखोर पेढी उभी राहते.

पण याच सुमारास लिस्बनमध्ये सोने येत होते, आणि किती! ब्राझीलच्या मिनास जेराइसमधल्या खाणी भरात होत्या. जुआंव पाचवा हा राजा युरोपातल्या श्रीमंत राजांत मोजला जाई. लिस्बनजवळ माफ्रा येथे त्याने जो अवाढव्य राजवाडा आणि मठ बांधायला घेतला, त्यातल्या चर्चचे अभिषेकविधी १७३० मध्ये झाले. ज्या वर्षी ठाण्याचा किल्ला अर्धवट बांधलेल्या अवस्थेत मराठ्यांच्या हाती पडला, त्याच्या अवघी सात वर्षे आधी.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळल्यावर माझे जुने टिपण मी बाजूला ठेवले. दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वेच्या किनाऱ्यावर कोलोनिया दो साक्रामेंतो नावाचे पोर्तुगीजांचे एक तटबंद ठाणे होते. त्याला १७३५ ते १७३७ या काळात स्पॅनिश फौजांनी वेढा घातला. ब्राझीलमधून तेथे मदत गेली, जहाजे गेली, आणि ते ठाणे पोर्तुगीजांनी टिकवले. राजा तोच, साम्राज्य तेच, वर्षेही जवळजवळ तीच. एका किनाऱ्यावरचा वेढलेला किल्ला वाचला आणि दुसऱ्या किनाऱ्यावरचा गेला. तेव्हा 'ऱ्हासाला लागलेले साम्राज्य' हा शब्द आपण सरसकट वापरतो, तो येथे जपून वापरावा लागतो. साम्राज्य सगळीकडून एकदम खाली येत नाही. त्याचा जो भाग घरखर्चाला पैसे पाठवतो त्याच्याकडे लक्ष राहते, आणि जो भाग घरून पैसे मागतो त्याची पत्रे टेबलावर पडून राहतात. गोवा, वसई, दीव, दमण हे सारे मिळून लिस्बनच्या हिशेबात फार दिवसांपासून दुसऱ्या रकान्यात गेले होते.

अंतराचाही विचार करावा लागतो. लिस्बनहून निघालेले जहाज सहा-सात महिन्यांनी गोव्याला लागे, तेही वाऱ्याचा हंगाम साधला तर. संकटाचे पत्र जायचे, त्यावर विचार व्हायचा, मदत निघायची, ती पोचायची, यात दीड-दोन वर्षे सहज जात. मदत आलीच नाही असे नाही. नवा व्हाइसरॉय मार्केस द लौरिसाल सैन्य घेऊन आला, पण तो आला १७४१ मध्ये. वसई जाऊन दोन वर्षे झालेली होती. त्या सैन्याने बारदेशातून सावंतवाडीकरांना हटवले, हे गोव्याच्या दृष्टीने मोठे काम झाले. वसईच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य.

लिस्बन दूर होते हे मान्य. पण जवळचे लोक काय करत होते? माझ्या मते खरा प्रश्न येथे आहे, आणि मराठी लेखनात त्याला सगळ्यात कमी जागा मिळाली आहे.

पोर्तुगीजांनी उत्तर प्रांतातली गावे आपल्या सरदारांना आणि सेवकांना तीन हयातींच्या बोलीवर वाटून दिली होती. मूळ धनी, त्याच्यानंतर दुसरा, मग तिसरा, आणि नंतर गाव सरकारजमा किंवा नव्याने करार. बदल्यात सरकारला ठरावीक खंड द्यायचा, त्याला 'फोर' म्हणत. मुंबईतल्या फोरास रोडचे नाव त्याच कुळातले. खंडाबरोबर आणखी एक अट असे : घोडा बाळगायचा, हत्यारबंद माणसे ठेवायची आणि हाक येईल तेव्हा हजर व्हायचे. म्हणजे प्रांताचे संरक्षण जमिनीच्या उत्पन्नावर बसवलेले होते. व्यवस्था सोळाव्या शतकात चांगली चालली असावी. अठराव्या शतकापर्यंत घोड्यांची आणि माणसांची अट कागदावर उरली, उत्पन्न मात्र चालू राहिले. बरीचशी गावे जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा धर्मसंघांकडे होती. वसईच्या तटाच्या आत साताठ मोठी चर्चे आणि मठ होते. आज किल्ल्यात फिरताना त्यांचेच अवशेष नजरेत भरतात, बराकींचे नव्हे. मराठ्यांचा हल्ला होण्याआधी दहाएक वर्षे गोव्याहून पाहणी झाली, तेव्हा तटांवर माणसे थोडी आणि डागडुजी त्याहून थोडी, असेच आढळले होते.

यात या लोकांना मूर्ख ठरवायचे कारण नाही. वसुली खात्यात मी असे कर्जदार शेकड्यांनी पाहिले. ज्याला मनातून वाटते की हा धंदा आपल्या मुलाच्या काळात राहणार नाही, तो दुकानाला रंग देत नाही, छप्पर बदलत नाही, नवे यंत्र घेत नाही. गल्ल्यातले तेवढे रोज घरी नेतो. त्याचे त्याच्यापुरते बरोबरच असते. तीन हयातींच्या बोलीवर गाव घेतलेल्या आणि तिसऱ्या हयातीत जगणाऱ्या जमीनदाराने स्वतःच्या खर्चाने घोडा का पोसावा? त्याने पोसला नाही. १७३७ च्या एप्रिलमध्ये ठाणे आणि साष्टी एका फटक्यात गेली आणि त्याबरोबर गावांचे उत्पन्नच गेले. आता द्यायची इच्छा असली तरी द्यायला काही नव्हते. ठाणे हाती असते तर साष्टीचे उत्पन्न राहिले असते, साष्टीचे उत्पन्न राहिले असते तर वसईचे सैन्य पोसता आले असते. अर्धवट बांधलेला तो एक किल्ला पुरा झाला असता तर काय झाले असते, असा प्रश्न इतिहासात विचारू नये म्हणतात. मला तो ठाण्याच्या तुरुंगावरून जाताना दर वेळी पडतो. आजचे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह त्याच किल्ल्यात आहे.

आता इंग्रज. माहीमच्या खाडीपलीकडे ते होते, आणि कागदोपत्री पोर्तुगीजांचे मित्र. मुंबई ज्या विवाहकराराने त्यांच्याकडे आली, त्याच्या गुप्त कलमात भारतातल्या पोर्तुगीज मुलखाच्या रक्षणाला मदत करण्याचे वचन होते. ते लिहिले होते डचांना डोळ्यांसमोर ठेवून, पण वचन ते वचन. शिवाय भांडणेही जुनी. ठाणे आणि कारंजा येथे पोर्तुगीज मुंबईच्या गलबतांकडून जकात मागत, आणि इंग्रजांना ते पहिल्या दिवसापासून झोंबत आले होते. १७३७ पासून वसईची पत्रे मुंबईला येत राहिली. मुंबईने थोडी दारू दिली, थोडे गोळे दिले, पुष्कळ सहानुभूती दिली. वांद्र्याची तटबंदी मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून पाडून टाका, असा सल्लाही दिला, आणि तो पाळला गेला. सल्ला मुंबईच्या फायद्याचा होता, हे सांगायला नको.

वेढा ऐन रंगात आला, शिपायांचा पगार थकला, तेव्हा वसईने मुंबईकडे पैसे मागितले. मुंबईच्या इंग्रजांनी १५,००० रुपये दिले. तारण म्हणून घेतली चर्चमधली चांदीची भांडी, आणि काही पितळी तोफा.

या एका नोंदीपाशी मी थांबलो तो आजही तेथेच आहे. वेढ्यात सापडलेला किल्ला पगार भागवण्यासाठी तोफा गहाण टाकतो. सावकाराला तारण कशाचे हवे असते? जे बुडत्या घरातून बाहेर काढता येईल त्याचे. जमीन त्याला नको, गावाचे उत्पन्न नको, व्हाइसरॉयचा शब्द नको, पोर्तुगालच्या राजाचाही नको, ज्याच्या खजिन्यात ब्राझीलचे सोने होते. मुंबईच्या इंग्रजांनी ते कर्ज देताना वसईच्या भवितव्याबद्दल आपले मत लेखी नोंदवून ठेवले आहे, असे मी समजतो. त्यासाठी कुठले गुप्त पत्र शोधायची गरज नाही; तारणाची यादी पुरे आहे.

याच्या समोर मराठ्यांचा हिशेब ठेवून पाहा. पेशवे तेव्हा श्रीमंत होते, असे आपल्याला वाटते. ते कर्जात बुडालेले होते. सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी गेली, अशा अर्थाची बाजीरावांची तक्रार ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात आहे. आणि गंमत अशी की, हे स्वामी स्वतःच त्यांच्या धनकोंपैकी एक होते. धावडशीच्या या स्वामींनी मोहिमेला प्रेरणा दिली, हे आपल्याकडे भक्तिभावाने सांगतात. त्यांनी पेशव्यांना व्याजाने पैसेही दिले होते आणि ते परत मागायला ते संकोचत नसत, हे जरा हळू आवाजात सांगतात. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट, माझ्या दृष्टीने हा मोहिमेचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे. सावकार वैतागत होते, तगादे लावत होते, पण देत होते. चांदीची भांडी न मागता देत होते. कारण भोपाळजवळ निजामाला कोंडून जानेवारी १७३८ मध्ये त्याच्याकडून तह लिहून घेतलेल्या माणसाला दिलेले पैसे आज ना उद्या एखाद्या नव्या सुभ्याच्या वसुलीतून परत येतील, हे त्यांना दिसत होते.

दोन्ही बाजू कर्जबाजारी होत्या. एकीला उद्याच्या नावावर पैसे मिळत होते आणि दुसरीला कालच्या चांदीवर. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि त्या मुलाच्या प्रश्नाला माझे उत्तरही हेच : आजूबाजूचा प्रत्येक जण, म्हणजे जमीनदार, शेजारी, धनको, कूळ, खुद्द राजधानी, आपापल्या जागी बसून 'हे काही टिकत नाही' असा हिशेब करू लागला आणि त्या हिशेबाप्रमाणे वागू लागला. प्रत्येकाच्या तशा वागण्याने इतरांचा हिशेब खरा ठरत गेला. कुणी फितूर व्हायची गरजच नव्हती. फितूर होते ते वेगळेच.

हे म्हणताना मोहिमेच्या शेवटच्या तीन महिन्यांवर अन्याय होऊ नये. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पा वसईपुढे ठाकले. त्याआधी जानेवारीत माहीम-केळवे, तारापूर घेतले गेले; तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत, मडगावात घुसले होते. (मुंबईजवळची साष्टी आणि गोव्यातली साष्टी या दोन वेगळ्या आहेत. पोर्तुगीज कागद वाचताना मी सुरुवातीला दोन्हींची खिचडी केली होती आणि एका व्याख्यानात ती श्रोत्यांना वाढलीही होती.) घोरपड्यांच्या त्या स्वारीमुळे व्हाइसरॉय सांदोमिलला गोव्यातून माणूस हलवणे अशक्य झाले. लहान ठाणी सोडून सारे बळ वसईत एकवटावे, हा विचार पोर्तुगीजांत चालला होता. तो पटेपर्यंत आणि हुकूम निघेपर्यंत बरीच ठाणी मराठ्यांनीच त्यांच्यासाठी सोडवली होती.

वसईच्या तटाला समुद्र आणि खाडीचा आधार. चढाई करायची ती उत्तरेकडच्या जमिनीवरून. पोर्तुगीज तोफा त्या पट्ट्यावर रोखलेल्या. मराठ्यांनी वाळूतून मोर्चे पुढे नेले, तटाखाली सुरुंग खणले. काही उडाले, काही उडाले नाहीत, काही उलटे उडाले. मे महिन्याच्या मध्यावर सां सेबास्तियांव बुरुजाच्या बाजूला खिंडार पडले आणि त्यातून चढताना माणसे थरावर थर पडली. १६ मे १७३९ ला किल्ल्यातून शरणागतीची बोलणी आली. इंग्रजी कागदांत हीच तारीख ५ मे दिसते, कारण इंग्रजांनी नवी दिनदर्शिका १७५२ पर्यंत घेतली नव्हती; या ११ दिवसांच्या फरकाने माझे एक वर्ष खाल्ले. मराठ्यांच्या बाजूच्या सांगण्यानुसार या वेढ्यात त्यांची सुमारे ५,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. पोर्तुगीजांचा आकडा ८०० सांगतात. जिंकणाऱ्याचे नुकसान हरणाऱ्याच्या सहापट.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की, 'पोर्तुगीज लढलेच नाहीत' ही बढाई बंद व्हावी. आणि माझ्यासारख्या हिशेबनीसानेही जरा गप्प बसावे. पत कितीही असली, तरी खिंडारात चढणारा माणूस व्याजाच्या दराकडे पाहून चढत नाही. आप्पांनी आपले मस्तक तरी तोफेतून किल्ल्यात टाका, असे म्हटल्याची सांगोवांगीची गोष्ट मी इतके दिवस नाटकी म्हणून टाळत आलो. आता वाटते, ५,००० माणसांच्या घरी काहीतरी सांगावे लागले असणार, त्यातून ती आली असावी. पण ८०० माणसे गमावून किल्ला देणारे आणि ५,००० गमावून तो घेणारे यांच्यातला फरक फक्त धैर्याचा नाही. मराठ्यांना पाच हजारांच्या जागी नवी माणसे उभी करता येत होती. सिल्व्हेराच्या जागी आलेल्या कायतानो द सौझा परेराला आठशेंच्या जागी आठ माणसे मिळण्याची आशा नव्हती. त्याने सही केली ती यामुळे.

तहाच्या अटी मात्र मराठी वाचकांनी मुळातून वाचाव्यात. पोर्तुगीज शिपायांना हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले. ज्यांना जायचे त्यांना आपली चीजवस्तू नेण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याचे वचन मिळाले, आणि तीन चर्चे राखायचे ठरले : एक किल्ल्यात, एक कसब्यात, एक साष्टीत. मंडळी गेली; सरदार, जमीनदार, संघांचे पाद्री आधी मुंबईला आणि मग गोव्याला गेले. ३४० गावे गेली असा आकडा सर्वत्र येतो. गावे अर्थात कुठेच गेली नाहीत. त्यांतले कोळी, कुपारी, वाडवळ, ख्रिस्ती झालेले आणि न झालेले, जागच्या जागी राहिले आणि नव्या कमाविसदाराला सारा भरू लागले. मला पोर्तुगीज शिकवणारे फादर याच लोकांतले. त्यांच्या घरी कादोडी बोलतात, आणि विजयोत्सवाच्या दिवशी त्यांना कुणीतरी दर वर्षी विचारते की, तुम्हाला आज कसे वाटते. हा प्रश्न आपण ज्या पद्धतीने इतिहास सांगतो त्यातून येतो. पोर्तुगीज पक्षाचा चेहराच आपण दाखवला नाही, म्हणून ती रिकामी जागा शेजाऱ्याच्या चेहऱ्याने भरली जाते. तो पक्ष दाखवला की लगेच दिसते, त्यात फादरांचे पूर्वज नव्हते. ते खंड भरणाऱ्यांत होते.

चांदीचे पुढे काय झाले, असे मला विचारतात. त्यापेक्षा ठाण्याचे काय झाले ते सांगतो.

१७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनी इंग्रजांशी बोलणी सुरू केली, कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध फळी उभारली, आणि साष्टी-वसईच्या ठाण्यांकडे बघायला पुण्यात कुणाला सवड उरली नाही. १७७४ च्या अखेरीस मुंबईत बातमी आली की, पोर्तुगीज आरमार साष्टी आणि वसई परत घ्यायला येत आहे. इंग्रजांनी त्याआधीच फौज खाडीपार केली आणि २८ डिसेंबरला ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. हा किल्ला आता अर्धवट नव्हता. मराठ्यांनी तो पुरा केला होता. इंग्रजांची फौज ठाण्याकडे चालली असतानाच पोर्तुगीज जहाजे मुंबईच्या बंदराबाहेर खरोखरच येऊन उभी राहिली. त्यांच्या सेनापतीने मुंबईच्या गव्हर्नराकडे रीतसर निषेधाचे पत्र धाडले : तुम्ही ज्या जागेला वेढा घालत आहात ती पूर्वी आमची होती.